बुलढाण्यात न घसरलेला आकडा

बुलढाणा, १३ नोव्हेंबर १९६०
सकाळी ६ वाजून १० मिनिटे

तीर्थरूप सौ. मंजुळाताईस धाकट्या निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

आताच यंत्राचा आकडा पाहिला. आकाशापलीकडून येणारे विश्वकिरण ते मोजते. ते छपरातून, माझ्यातूनही जातात म्हणे; मी हात पसरून उभा राहतो, काहीच जाणवत नाही. बारा तासांत बारा हजार, हा नेहमीचा आकडा. रात्रीचा मात्र ११,२६० आला. तारा पुसल्या, पेच आवळले, फरक नाही. हे यंत्र माझ्यावर सोपवून गेलेले साहेब म्हणतील, मी ते बिघडवले. सातवी नापासाला अशी नोकरी पुन्हा कोण देणार? म्हणून रजिस्टरात बारा हजारच लिहिले. खरा आकडा पुडीच्या कागदावर ठेवला आहे. काय करू, ते कळवावे. लोभ आहेच, तो वाढावा.

निवृत्ती


रोहिणखेड, १६ नोव्हेंबर

चि. निवृत्तीस ताईचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचून तुहे भाऊजी हासून राह्यले. म्हणे, आभाळ काय याच्या रजिस्टराले विचारून चालते? इतका भेतं काऊन रे? साहेबाले सांगून टाक. नोकरी गेली त मिरच्या तोडाले ये, इथं हात कमीच आहेत. तब्येतीले जप, माया आहेच.

तुही ताई


बुलढाणा, २० नोव्हेंबर

तीर्थरूप सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले त्याच दिवशी साहेब आले. रजिस्टरात मी रोज लिहिलेले बारा हजार पाहून हरखलेच. म्हणाले, सूर्यावर मोठा स्फोट झाला. त्याने आपले चुंबकत्व दूरवर लोटले. उफणताना वारा भुसा उडवतो, तसे त्याने विश्वकिरण बाजूला सारले. आकडे सगळीकडे घसरले, फक्त बुलढाण्यात नाही. हा मोठाच शोध आहे. माझी पाठ थोपटली, कायम करण्याचे बोलले.

ताई, गप्प राहिलो असतो तर चालले असते. मी रोजचे खरे आकडे टिपलेला पुडीचा कागद पुढे केला.

त्यांनी कागद रजिस्टराशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. मग म्हणाले की खोटे आकडे खरवडायचे नाहीत. एक रेघ मारायची, वर खरे लिहायचे, खाली सही. कायम करण्याचे पुन्हा निघाले नाही. महिनाअखेरीस कळवतो म्हणाले.

आज सकाळी ११,६४० आला, तोच लिहिला. मग अंगणात ऊन खात बसलो. आपले चुंबकत्व इतके दूरवर लोटूनही सूर्य रोजच्यासारखाच कोवळा होता.

खोडलेल्या ओळींसकट माझ्यावर लोभ असू द्यावा.

निवृत्ती