उजव्या स्पीकरची लाल रेघ

प्रिय बाबा,

जयभीम. काल आईने मला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला! "हळू कर वं, मी काय भैरी आहो?" म्हणाली. हे तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. अकोल्याच्या घरातच आहे, तुमच्या दिवाणावर.

तुम्ही गेल्यापासून आमच्यात एकच विषय होता. आईला ऐकू येत नाही, मग तिला जुन्या शहरातल्या या घरात एकटं कसं ठेवायचं? दारावर कोण आलं, तिला कळणार कसं? दादाने ठरवून टाकलं होतं, उन्हाळ्याआधी घराला कुलूप आणि आई त्याच्याकडे पुण्याला. मी अमरावतीहून फोनवर त्याच्या हो ला हो करत होते. आई मात्र गप्प. तिची भांडी बांधायला काढली तरी गप्प! तिला आपलं बोलणं ऐकूच आलं नसेल, असं आम्ही धरून चाललो.

आणि हे आमच्या डोक्यात भरवलं कोणी? तुम्ही! बातम्या लागल्या की आई म्हणायची, "मले त्यायचं बोलणं समजतच नाई. विहिरीतून बोलल्यावानी वाटते." तुम्ही आवाज वाढवायचे आणि आम्हाला सांगायचे, "तुमच्या आईचे कान गेले." ती खुर्ची सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी, एका स्पीकरला खेटून उभी राहायची, तर म्हणायचे, "हिले एका जागी बसवतच नाई!" आठवतं?

तुमचे ते दोन लाकडी स्पीकर! आम्हा भावंडांचे लाड झाले नसतील एवढे त्यांचे झाले. तुमच्या मागोमाग जुना अॅम्प्लिफायरही जळला आणि ते मुके झाले, त्यांच्याशिवाय टीव्हीही मुका. दादा म्हणाला, भंगारात दे. मला नाही देववलं. घर बंद होईपर्यंत तरी आईला बोलणं नीट ऐकू यावं, म्हणून मी अमरावतीतली दुकानं पालथी घातली.

दुकानदार साऊंडबारवर अडून बसला. "मॅडम, एक पट्टी टीव्हीखाली ठेवली की झालं. असे मोठाले डबे आता कोन ठेवते?"

"आमच्या घरी ठेवतात," मी म्हटलं. "तुम्ही रिसीव्हर दाखवा. टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देतो तो."

मग त्याने विचारलं, तुमचे स्पीकर किती ओहमचे? मी त्यांच्या पाठीचा फोटोच पुढे केला. तुमची लेक आहे, रिकाम्या हाताने जाईन का? तुमच्या स्पीकरांना झेपेल, आणि खोलीत आवाज कसा पोचतो ते स्वतः तपासून घेईल, असा एक निवडला. अकोल्यापर्यंत एसटीत मांडीवर धरून आणला. कंडक्टर म्हणाला, "ताई, याचं बी तिकीट काढा."

जोडणी सोपी होती. टीव्हीची एक केबल, स्पीकरच्या दोन वायरी, झालं. रिसीव्हरच्या खोक्यात एक छोटा माइक असतो. तो बसायच्या जागी ठेवायचा आणि गप्प राहायचं. मी तो आईच्या खुर्चीवर ठेवला. स्पीकरमधून चमत्कारिक आवाज सुरू झाले आणि आई म्हणाली, "काहून बोंबलून राह्यलं हे?" झालं, पुन्हा पहिल्यापासून! शेवटी तिला अंगणात बसवलं.

आणि बाबा, टीव्हीच्या पडद्यावर काय आलं? उजवा स्पीकर उलटा जोडलेला आहे!

मी वायरचं स्पीकरकडचं टोक हातात घेतलं; रिसीव्हरकडचं मी रेघ बघूनच लावलं होतं. एका बाजूला लाल रेघ असते ना, तीच इथे दिसेना. नखाने खरवडलं तर भिंतीचा पिस्ता रंग निघाला आणि खालून रेघ! जयंतीआधी दरवर्षी तुम्ही घर रंगवायचे, आणि वायरसुद्धा रंगवायचे. कधीतरी रंगकामानंतर जोडताना अंदाजाने जोडलीत. झोपाळ्याला एकाने ढकलावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी ओढावं, तसे ते दोघं एकमेकांचा आवाज खात होते. तेही बरोबर मधोमध, जिथे तुम्ही टेपने मोजून आईची खुर्ची मांडली होती. "खास तुह्यासाठी जागा," म्हणाला होतात! स्वतः दिवाणावर, डाव्या स्पीकरला चिकटून. तुम्हाला कसं कळणार?

मी वायर सुलट केली, आईला हाक मारली. ती बसली, बातम्या लावल्या. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा पोट्टा तं चांगला साफ बोलते वं!" मला रडू आलं बाबा, हसूही आलं.

तरी खात्री करावी म्हणून तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाच्या मानाने कान ठणठणीत! बाहेर आल्यावर मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? "तुमचे बाबा म्हनत भैरी, तं मलेबी वाटलं, असन. अन् तुमी सारे वरडून राह्यले होते. मी कोनाशी बोलू?" बाबा, तुमच्यावर राग आला. एकदा तिच्या खुर्चीत बसून पाहायचं होतं हो!

त्याच दिवशी दादाचा फोन आला. सवयीने ओरडतच होता. आई म्हणाली, "हळू बोल बाबू, आयकू येऊन राह्यलं मले. मी पुण्याले नाई येत." मग दादा म्हणाला, "बरं आई." आणि तेही हळू. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

तुमच्यावरचा रागही फार टिकला नाही. खरवडलेली वायर पाहून आईच म्हणाली, "मीच म्हनलं होतं त्यायले, भितीवर वायर दिसली नाई पाह्यजे. माह्यासाठीच रंगवत जात बिचारे."

आता येत्या जयंतीला घर मी रंगवीन. वायरही रंगवीन, आईचा हट्ट अजून आहेच. पण टोकाला, स्पीकरपाशी, बोटभर लाल रेघ उघडी ठेवीन. आणि आधी आईच्या खुर्चीत बसून ऐकीन, मगच रंगाचा ब्रश धुवीन. शब्द देते.

तुमची,
प्रज्ञा