बियांचा रकाना

१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि तुझी आई, दोघी बऱ्या असाल. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कानावर आलं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण प्रयोगशाळेचा जिना चढून जातात. आमच्याकडे नवं यंत्र आलंय. जुनं दर आठवड्याला रुसायचं. हे अजून तरी नव्या सुनेसारखं सांगितलेलं ऐकतंय.

बघ, दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि काय लिहितेय!

माझं काम तुला माहीत आहे. मोहरी, मुळा, कोबी या एकाच कुळातल्या झाडांची पानं नि बिया वाटायच्या, अर्क काढायचा आणि त्यात गंधकाची कोणती संयुगं आहेत, किती आहेत, ते ओळखायचं. मोहरीचा नाकात जाणारा झणका त्यांचाच. तू एकदा भांडी घासता घासता विचारलं होतंस, "ताई, अख्ख्या मोहरीला वास नाही, मग वाटल्यावर येतो कुठून?" इतका नेमका प्रश्न आमच्या साहेबांनीही कधी विचारला नाही.

त्यातली बरीच संयुगं निरुपद्रवी असतात. एक मात्र वाईट. ते जास्त झालं की गुरांच्या गळ्यातली ग्रंथी सुजते, आणि पोटातल्या वासरांना ते आईपेक्षाही जास्त बाधतं.

नव्या वाणाच्या मोहरीचा अहवाल मीच लिहिला होता. तीच आपल्या शेतात पिकली, तेव्हा तुझ्या नवऱ्याने विचारलं, "ताई, हिची पेंड गाभण गाईंना चालेल ना?" मी म्हटलं, "खुशाल घाल. मी स्वतः तपासलीय." माझा शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ.

पुढचं तुला मी काय सांगणार? पाच वासरं. तीन मेलेलीच जन्मली, दोन दुसऱ्या दिवशी गेली. पाचांच्याही गळ्याला लिंबाएवढी गाठ. तो गोठ्यात तुझ्यावर ओरडत होता, "पेंड भिजवून सडवलीस! वासरं तू मारलीस!" मी दारात उभी होते. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. मी रोजच्यासारखीच भिजवली."

मी म्हणाले, "झालं ते झालं."

वहिनी, मी फक्त पानं तपासली होती. बियांच्या वेळी यंत्र बंद पडलं. साहेबांना अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि त्याच आठवड्यात बढतीची यादी वर जाणार होती. पानांत ते संयुग नावापुरतं होतं. तोच आकडा मी बियांच्या रकान्यात उतरवला. पानात नाही ते बीमध्ये असू शकतं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

वासरं गेल्यावर मी घरून मूठभर बिया नेल्या आणि गुपचूप तपासल्या. आलेखावरचा सुळका कागदाबाहेर गेला. त्यानंतर तू अकरा दिवस त्या घरात होतीस. तो तुझ्या हातचं पाणीही घेत नव्हता. मी समोर बसून जेवत होते, मूग गिळून.

बढती मला मिळाली.

गेल्या आठवड्यात तो घटस्फोटाचे कागद घेऊन आला. म्हणाला, "तिच्या निष्काळजीपणाची साक्ष तू दे. तू तिथे होतीस." तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीचा हात खरवडू लागला. मग त्याने विचारलं, "तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग कळवू नकोस. आता मोडलं ते मोडलं. मी कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे?"

आणि वहिनी, क्षणभर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरा अहवाल लेखी दिला. ते म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला हात पोळून घेता?" मी कागद टेबलावर ठेवून आले. आता चौकशी होईल. आणखी कोणाकोणाच्या गोठ्यात ती पेंड गेली, तेही विचारतील. विचारायलाच हवं. त्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या वकिलांना दे.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे ओझंही तुझ्याच डोक्यावर यायचं.

मंगळवारी मी कोर्टात येणार आहे, तुझ्या बाजूने. तिथे माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझा काही दोष नव्हता, हे पहिल्यापासून माहीत असलेली,
तुझी नणंद