शहरी मुंगूस आणि आठ लाखांचं कर्ज

१ जून, सकाळी साडेदहा
आजपासून रोज लिहिणार. वन्यजीव संवर्धनाची मास्टर्स डिग्री हातात आली. कर्ज आठ लाख. पहिला हप्ता १० जुलैला, अकरा हजार दोनशे. प्रोफेसरांच्या प्रोजेक्टवर मानधन नऊ हजार. म्हणजे महिन्याला फक्त बावीसशेचा खड्डा. (चहा आणि पेट्रोल धरलेलं नाही.) पण शिक्षणाचं मोल असं किराण्यासारखं तराजूत घालायचं नसतं.

५ जून
रोज लिहायला वेळ मिळत नाही. आईने पेस्ट कंट्रोल कंपनीची जाहिरात कापून टेबलावर ठेवली. पगार चोवीस हजार. मी म्हणालो, ज्याने प्राणी वाचवायचं शिक्षण घेतलं त्याने उंदीर मारत हिंडायचं? आई म्हणाली, माशा मारत बसण्यापेक्षा ते बरं.  बाबा गेल्या वर्षी छापखान्यातून रिटायर झाले. कर्जाला जामीन तेच आहेत, पण त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

१२ जून
प्लॅन पक्का. विषय: शहरी मुंगूस. आमच्या मागच्या फाटकाखालून एक जातं, आईने दोनदा पाहिलंय. प्रोफेसरांकडून जुना ट्रॅप कॅमेरा आणला. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो, वर तारीख-वेळही येते. फाटकाजवळ नळाच्या पाइपला बांधला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण मुंगूस तेवढंच असतं. तीन महिन्यांचा डेटा, मग पेपर, मग परदेशी फेलोशिप. कर्ज दोन वर्षांत फिटतंय. कार्ड दर रविवारी तपासणार.

२८ जून
कार्ड तपासायचं राहिलं. चुलत बहीण भेटली. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. कोर्स सहा महिन्यांचा, पगार चाळीस हजार. तिला शांतपणे समजावलं की पैसा म्हणजे सगळं नसतं. पटलं असावं. कॉफीचे पैसे तिनेच दिले.

११ जुलै
काल हप्ता होता. खात्यात सातशे चाळीस. दिवसभर फोन सायलेंटवर ठेवला. नंतर पाहिलं तर बँकेचा एकही मिस्ड कॉल नाही. समजूतदार बँक आहे. संशोधनाला वेळ लागतो हे त्यांना कळतं.
बाबा हल्ली दिवसभर वाचनालयात असतात म्हणे. मी दहाला उठतो तोवर गेलेले असतात. (फील्डवर्कवाल्याला झोप लागते.) जरा बारीकही झालेत. रिटायरमेंट मानवली त्यांना.

१० ऑगस्ट
दुसरा हप्ता. आजही फोन नाही. संवर्धनवाल्यांना काहीतरी सवलत असणार. चौकशी केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही तर आठ लाखांची.

१ सप्टेंबर
अखेर कार्ड उघडलं. २४३ फोटो. मांजर ९६, आईच्या चपला १४, मुंगूस एक, त्याचीही नुसती शेपटी. उरलेले १३२ एकाच माणसाचे पाय. काळे बूट, निळी पँट, पोटरीच्या वर काही नाही. सकाळी ८.५० बाहेर, संध्याकाळी ७.१० आत. आठवड्याचे सहा दिवस. शिकवलंय तशी नोंद केली: 'अज्ञात व्यक्ती क्र. १. उजव्या बुटाचं टोक घासलेलं, म्हणजे तो पाय किंचित ओढते. अत्यंत नियमित.' कोणीतरी वॉचमन आमच्या अंगणातून शॉर्टकट मारतोय आणि माझं मुंगूस बिथरतंय. लोकांना विज्ञानाची काही किंमतच नाही. उद्या धरतोच त्याला.

२ सप्टेंबर, सकाळी सव्वानऊ
साडेआठला उठलो. पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. ८.५० ला बूट आले. 'कोण आहे रे तिकडे' असं दरडावून मी बाहेर आलो आणि वर पाहिलं, तर बाबा. निळा युनिफॉर्म, छातीवर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला, हातात डबा.
बाबा दचकले. मग म्हणाले, इतक्या लवकर उठलास, बरं वाटत नाहीये का?
फर्निचरच्या शोरूमच्या दारात उभे असतात. नऊ तास. पगार बारा हजार. त्यातले अकरा हजार दोनशे बँकेत. हप्त्याची आठवण द्यायला आलेले बँकेचे फोन मी जूनमध्ये उचलले नाहीत, म्हणून बँकेने तेव्हाच जामीनदाराला गाठलं होतं. मागच्या फाटकाने जातात, कारण पुढच्या बाजूला शेजारी विचारतात, मुलगा काय करतो. निघताना म्हणाले, तुझं मुंगूस मिळालं का? मी हो म्हणालो.
लाज वाटते. दुसरं काही सुचत नाही. हा माणूस रोज रात्री माझ्यासमोर जेवायला बसतो. तो पाय ओढतो हे मला माहीत नव्हतं, आणि फोटोत दिसलं तरी कोणाचा पाय ते कळलं नाही.

५ सप्टेंबर
पेस्ट कंट्रोलमध्ये गेलो. ती जागा जूनमध्येच भरली. उंदीर विभागात ट्रेनी हवाय, चौदा हजार. मॅनेजर म्हणाला, डिग्री असली तरी चालेल. सोमवारपासून.
घरी येऊन बाबांना छातीठोकपणे सांगितलं, उद्यापासून तुम्ही घरी बसा, हप्ता माझा. ते बूट काढत होते. म्हणाले, तुझा पहिला पगार हातात पडू दे, मग बघू. आईनेही मान डोलावली. मी रागावणार होतो. मग वाटलं, त्यांच्या जागी मी असतो तर माझ्या भरवशावर नोकरी सोडली असती का? नसती सोडली.
उद्या आठला उठून बाबांचा डबा मी भरणार. त्यांना पुढच्या फाटकाने नेऊन रस्त्यापर्यंत सोडणार. शेजारी विचारू देत काय विचारायचं ते. हे नक्की.

६ सप्टेंबर, सकाळी दहा
आत्ता उठलो. बाबा कधीच कामावर गेलेत.