सात गोष्टींचे शेवट

प्रिय झोपाळू,

तुझं पुस्तक मिळालं. दुकानाचं शटर अर्धं ओढून एका बैठकीत वाचून काढलं. दोन पडदे शिवायचे राहिले, गिऱ्हाईक कुरकुरलं, कुरकुरू दे. मागच्या पानावरचा तुझा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते आहे. आपल्या बोलीतल्या गोष्टी कधी छापून येतील असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पेपरात आलंय, ‘आदिवासी लेखिकेने पूर्वजांचा वारसा जसाच्या तसा जपला.’ वाचून मला हसू आवरेना. वारसा ऐकायच्या वेळी तू काय करत होतीस, ते मला माहीत आहे ना! शाळेतून यायचीस, चिंध्यांच्या ढिगावर लवंडायचीस. मी मशीन चालवत गोष्ट सांगायचे आणि ती निम्म्यावर आली की तुझं घोरणं सुरू. सातही गोष्टींची सुरुवात तू अगदी माझ्याच शब्दांत लिहिली आहेस, शेवट मात्र सगळे तुझ्या पदरचे.

रागावले नाही गं. एकच शेवट मनाला लागला. नदीपार गेलेली मुलगी तू परत आणलीच नाहीस. ती गेली, मागे कुणी उरलं नाही, असं लिहिलंस. वाचणारे रडले म्हणे. अगं, ती परत येते! दोन पोरं काखोटीला मारून येते आणि आल्या आल्या सगळ्यांना फैलावर घेते, की माझ्यासाठी न थांबता जेवलात कसे? ऐकणारे पोट धरून हसायचे. त्या दोन पोरांच्याच वंशातले आपण सगळे. संपलो-बिंपलो नाही गं आपण. दुसरी आवृत्ती निघणार म्हणतेस ना, त्यात तेवढं दुरुस्त कर.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. माझ्या गळ्यात गाठ आहे, पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. गाठ जाईल, पण आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तोवर बोलायचंही मोजकंच. ते सगळं मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय, शेजारणीशी भांडणसुद्धा बंद आहे. उरलेले सहा शेवट लिहूनच पाठवणार होते, पण समोर कुणी ‘हं, मग?’ म्हटल्याशिवाय मला पुढचं आठवत नाही. म्हणून रविवारी ये. मशीन बंद ठेवीन, म्हणजे तुला झोप येणार नाही.

तुझीच,
अजून तरी बोलकी आत्या