तक्रार नाही

मंगळवार, दिवेलागण, खासबागेतली खोली

आज इथल्या डॉक्टरांनी माझा उजवा हात तपासला. खांद्याच्या वर जात न्हाय, जहाजावरचं काम आता जमणार न्हाय, म्हणाले. मग त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांचा मुंबईचा रिपोर्ट वाचला. हात पूर्ण वर जातो, तक्रार नाही. "ह्यातलं खरं काय हो?" त्यांनी मला विचारलं.

दोन्ही खरं. मुंबईत कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नो सर. आणि दातावर दात धरून हात वर केला. वीस वर्षं प्रत्येक मेडिकलला हेच केलं. दुखतंय म्हटलं की जहाज गेलं! पण या वेळी मी दुखतंय हे सांगायलाच गेलतो की. जहाजावर खांदा गेला, त्याच्या भरपाईचा सगळा दावा त्यावर. मग तोंडाला काय झालतं माझ्या? वकिलांना हे कसं सांगू?

आल्यावर शर्ट धुतला. वाळत घालायची दोरी मी छातीएवढी खाली बांधलीय. खोलीत वाकूनच फिरावं लागतं.

निपाणीहून आशाचा फोन आला. तिची शाळेतली नोकरी तिकडं, माझे खांद्याचे व्यायाम आणि वकील इकडं.

"लई दुखतंय काय हो?"

"न्हाय गं."

परत तेच. अगदी बायकोलासुद्धा.

रविवारी ती येणार. त्याआधी दोरी परत वर बांधायला पाहिजे. उजवा हात तर आता दातावर दात धरूनबी तिथवर पोचत न्हाय, आणि एकट्या डाव्यानं गाठ बसत न्हाय. आणि हाक मारावी असं इथं कोण हाय?