शेवभाजीवरची कोथिंबीर

१० नोव्हेंबर, सोमवार

१. काल माझा आणि दीपकचा साखरपुडा झाला. संध्याकाळी दोन्ही घरची माणसं इथे सुरतेतच, अडाजणच्या एका हॉटेलात जेवायला गेलो.
२. हॉटेल दीपकने निवडलं होतं. मला शेंगदाणे चालत नाहीत हे तिथे आधी फोन करून सांगायचं कामही त्यानेच घेतलं होतं.
३. शेवभाजीच्या दुसऱ्या घासाला ओठ झिणझिणले. मग घसा आवळला.
४. पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन मीच मांडीत मारलं.
५. रात्र दवाखान्यात. आज दुपारी घरी सोडलं.
६. भाजीत शेंगदाण्याचं कूट होतं. दीपक हॉटेलात विचारून आला आणि त्यानेच पप्पांना सांगितलं.

एवढंच. बाकी अजून माहीत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टीवर. घसा दुखतो. आवाज बसलाय.

आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे हॉटेल मी ठरवते. तिसरीत असताना मैत्रिणीच्या डब्यातली चिक्की खाल्ली, तेव्हापासून आधी आई ठरवायची, आता मी. पप्पांच्या साठीला बडोद्याला गेलो, दादाच्या लग्नाच्या खरेदीला इंदूरला गेलो — आधी फोन, मगच गाडी. नाशिकला 'दाणे' म्हणायचं. इंदूरला 'मूंगफली'. सुरत-बडोद्याला 'सिंग'. मग तेल कोणतं ते विचारायचं. मग जो माणूस 'चिंता मत करो' म्हणेल ते हॉटेल रद्द. जो 'थांबा, आत विचारतो' म्हणेल ते चांगलं. दादा याला मयुरीची चौकशी समिती म्हणतो.

साखरपुड्याला पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला ठरवू दिलं. दीपक म्हणाला होता, "तू कधीतरी दुसऱ्याला निवडू देशील की नाही? मी काय परका आहे?"

मला ते आवडलं होतं. इथे लिहिते, बाहेर नाही बोलणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दीपक आणि त्याची आई येऊन गेले. सोबत शहाळी, सफरचंदं.

दीपकने उलगडा केला. तो फोनवर हॉटेलवाल्याला 'दाणा नको' म्हणाला. समोरचा गुजराती. त्याने ऐकलं 'धाणा' — कोथिंबीर! "म्हणजे त्या शहाण्यांनी तुझ्यासाठी कोथिंबीर टाळली आणि दाणे घातले."

पप्पा मोठ्याने हसले. रविवारपासून पहिल्यांदाच. कुसुमकाकीने लगेच स्वतःची गोष्ट काढली — नवी नवी सुरतेला आली तेव्हा पांडेसऱ्याच्या वाण्याकडे किलोभर दाणे मागितले, त्याने किलोभर धणे दिले, आणि नवऱ्याच्या भीतीने तिने महिनाभर धण्याचीच चटणी वाटली. सगळे हसले. मीही.

फक्त सुभद्राबाई — दीपकची आई — हसल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "थोडं थोडं खाई पाह्य, बेटा. सवय व्हई जास." हेच त्या सप्टेंबरमध्ये नाशिकलाही म्हणाल्या होत्या, मी ठरवलेल्या हॉटेलात, माझ्या ताटाकडे बघत. तेव्हा वर हेही म्हणाल्या होत्या, की खान्देशातली पोर आणि दाणे चालत नाहीत, असं त्यांनी साता पिढ्यांत ऐकलं नाही.

एक गोष्ट खटकते. दीपक उधन्यात जन्मला, गुजराती शाळेत शिकला. डुमसला भजी घेताना त्यानेच गाडीवाल्याला विचारलं होतं, "सिंगतेल छे?" तो 'दाणा' कशाला म्हणेल?

घाईत निघालं असेल तोंडून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर गेले. हजिऱ्याच्या बसमध्ये डोळे मिटून बसले. कोणाला काही सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने साखरपुड्याचे फोटो निवडायला सांगितले, गावाकडे पाठवायचेत. जेवणाच्या टेबलावरचा एक आहे. माझा हात, अंगठी दिसावी म्हणून पुढे केलेला. हाताशेजारी माझी वाटी. शेवभाजी.

वर कोथिंबीर.

मोठा करून पाहिला. हिरवीगार, भरपूर. सगळ्यांच्या वाटीत तशीच.

'दाणा'चं 'धाणा' झालं असतं तर माझ्या वाटीत कोथिंबीर नसती. ती आहे. म्हणजे तो गोंधळ झालाच नाही. कोणी काही नको म्हणून सांगितलेलंच नाही.

मग ती गोष्ट कुठून आली?

हा फोटो आईला दिला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दीपकचा फोन. घसा कसा आहे विचारलं. आवाज नेहमीसारखा. मी विचारलं नाही. विचारायच्या आधी माहिती हवी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुवर्णावहिनीचा फोन आला. दीपकच्या मोठ्या भावाची बायको, आठ वर्षं त्या घरात. आजवर माझ्याशी फक्त साड्यांबद्दल बोललेली. आज गच्चीवरून बोलत होती, वाळत घातलेल्या कपड्यांचा फडफडाट येत होता. आधी तब्येत, मग हवा. मग आवाज खाली.

"मयुरी, मला काही विचारू नको. हॉटेलवाल्याला विचार."

मी काय विचारायचं म्हटलं, तर तिने दुसरंच काढलं. म्हणे लग्नाआधी तिला वांगं चालत नव्हतं, अंगावर गांधी उठायच्या. आता चालतं. मी विचारलं, कसं काय?

"सवय व्हई जास," ती म्हणाली. अगदी सासूच्या आवाजात. मला वाटलं नक्कल करतेय, आता हसेल. हसली नाही. कोणीतरी जिन्यात आलं असावं, फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज प्लांटमध्ये गॅस डिटेक्टरांची चाचणी. माझंच काम. डिटेक्टर खरंच वाजतो का हे बघायला बाटलीतला थोडा गॅस मुद्दाम त्याच्या तोंडावर सोडायचा. वाजला तर ठीक.

पाइप हातात धरून उभी राहिले. हेल्पर म्हणाला, "मॅडम, तबियत ठीक आहे ना?"

थोडंसं घालून बघायचं. वाजते का.

आमच्याकडे एक नियम आहे. चाचणीआधी कंट्रोल रूमला कळवायचं. न कळवता गॅस सोडला तर तो अपघातच धरतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून दुपारी हॉटेलात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, टेबलं पुसत होते. छगनभाई नावाचे वेटरांचे कॅप्टन. मला बघताच ओळखलं आणि हातच जोडले. बसवलं, पाणी आणलं. घाबरले होते, मी तक्रार करायला आलेय असं वाटलं. मी म्हटलं, फक्त समजून घ्यायचंय, नाव कुठे येणार नाही.

मग ते बोलले. एकच वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते.

"अमारी शेवभाजीमां सिंग आवे ज नहीं, बेन. ए तो तमारा घरवाळाए नखावेली."

त्यांच्या शेवभाजीत शेंगदाणा कधी नसतोच. वाटण कांदा-खोबऱ्याचं. त्या दिवशी मुद्दाम घालायला लावला. बारीक कूट, दिसू नये असं, फक्त एका वाटीत. आमच्या घरची रीत आहे, नव्या मुलीला पहिला घास असा देतात, असं सांगितलं म्हणे. छगनभाईंनी रीत म्हणून मान दिला.

फक्त एका वाटीत.

मी उठले. हिशोब लागला होता. आमच्या घरच्यांनी हे करणं शक्य नाही, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी. सुभद्राबाई. 'सवय व्हई जास.' दीपकला मागाहून कळलं असणार, आणि आईला झाकायला त्याने दाणा-धाण्याची गोष्ट रचली.

रिक्षात बसल्यावर जरा बरं वाटलं, हे विचित्र आहे. पण खरं. सासू वाईट असेल तर वेगळं राहता येतं. अडाजणला भाड्याचं घर बघता येतं. स्वयंपाक माझा. बाहेरची हॉटेलं मी ठरवीन. नवरा आईसाठी खोटं बोलला — हे वाईट आहे, पण कळण्यासारखं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दीपकने लग्नानंतरच्या सहलीचा बेत पाठवला. उदयपूर, जोधपूर, जयपूर. प्रत्येक शहरातली हॉटेलं निवडलेली, तळ्याकाठची, गच्चीवरची. खाली लिहिलंय: 'तू काहीच बघायचं नाहीस. मी सगळीकडे सांगून ठेवलंय.'

त्याखाली: 'ते इंजेक्शन घरीच ठेव. विमानात नेऊ देत नाहीत, उगाच तमाशा होईल.'

नेऊ देतात. डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी दोनदा नेलंय. त्यालाही माहीत आहे — ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेले तेव्हा विमानतळावर सोडायला तोच आला होता. पर्स त्याच्याच हातात होती.

आई म्हणते, किती हौशी मुलगा मिळाला.

तिला उदयपूरचे फोटो दाखवले. तिने तळं बघितलं. म्हणाली, "पत्रिका सोमवारी छापायला जातील. नावं एकदा तपासून घे."

जेवले नाही. आईला वाटलं लाजतेय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

'घरवाळाए.'

सकाळी बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई फोनवर बोलत होती — मारा घरवाळा अजून उठले नाहीत, वगैरे. ऐकलं आणि छगनभाईंचं वाक्य मनात परत म्हटलं.

सुरतेत जन्मले, पण घरात अहिराणी, शाळा मराठी, प्लांटमध्ये हिंदी. 'घरवाळा' म्हटल्यावर मी 'घरवाले' ऐकलं. घरची माणसं. गुजरातीत घरवाळा म्हणजे नवरा. साखरपुड्याचं जेवण होतं, छगनभाईंनी आम्हाला नवरा-बायकोच धरलं होतं.

प्लांटच्या गेटवर उतरून त्यांना फोन लावला. कोण, एवढंच विचारलं.

"तमारी बाजुमां बेठेला ने, ए भाई. रसोडामां जाते आवेला."

शेजारी बसलेला. स्वतः स्वयंपाकघरात आलेला.

दीपकला पाठवलं ते इथे उतरवून ठेवते:

'दीपक, छगनभाईंशी बोलले. माझ्या वाटीत कूट कोणी घालायला लावलं ते कळलं. धाण्याची गोष्ट परत सांगू नको, फोटोत कोथिंबीर आहे. आईंचं नाव पुढे करू नको. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. उदयपूरला किती घालायला सांगितलं आहेस? रविवारी, २३ तारखेपर्यंत लेखी कळव.'