फवाऱ्याची चावी

मी, खनिजाच्या गिरणीतला निवृत्त क्रशर मिस्त्री, वय बहात्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही, असे डॉक्टरांचेही मत आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व पडवी, माझ्या मयत धाकट्या भावाच्या पत्नीस द्यावे. बचत मुलाला. "बाबांना म्हातारचळ लागला," असे तो म्हणेल. त्याने कलम चार वाचावे, मग बोलावे.

२. घण, पहार व पाने शेजारच्या फिटरला. निम्मी त्याच्याकडेच आहेत. परत करण्याचा त्याचा त्रास वाचेल.

३. जुन्या मुकादमास काही नाही. "ओला दगड चाळणी बुजवतो, कोरडा पोट भरतो," हे त्याचे पालुपद. मात्र मी गेल्यावर तो दारात आला, तर त्याला पाणी जरूर विचारावे.

४. तांब्याचा दगड क्रशरच्या जबड्यात भरडला की पांढरी धूळ उठते. ती बसावी म्हणून वर पाण्याचा फवारा असतो. पण ओल्या भुकटीने चाळणी बुजते, ती खरवडायला काम थांबवावे लागते. म्हणून पाळी सुरू झाली की मी नळ बंद करून चावी खिशात टाकी. तपासनीस आला की सोडी. खाली चाळणीवर माझा भाऊ असे.

एकदा तो वर येऊन म्हणाला, "दादा, थोडं पाणी सोड की. तोंडात पीठ जातंय."

मी म्हणालो, "पीठच जातंय ना? उपाशी तर नाहीस."

तो हसला होता. अडतिसाव्या वर्षी गेला. शेवटी शेवटी दोन पायऱ्या चढला की बसायचा.

चौकशीत मी लिहून दिले की फवारा सदैव चालू होता व भावाला विडीचे व्यसन होते. दोन्ही खोटे आहे. त्याने विडीला कधी हात लावला नाही.

आज त्याच चाळणीवर त्याचा मुलगा उभा असतो. नळ आजही बंद असतो. नव्या मिस्त्रीला ते मीच शिकवले. माझ्याकडची जुनी चावी अजून त्या नळाला बसते. ~~माझ्या पश्चात ती भावजयीस द्यावी.~~

खाडाखोडीचा खुलासा: वरील मजकूर मी भावजयीस वाचून दाखवला. घराचे ऐकताना ती चहा पीत होती. विडीपाशी आल्यावर तिने हातातला कप खाली ठेवला.

"भाऊजी, पोरगा आत्ता पाळीवर आहे," ती म्हणाली. "तुम्ही मरायची वाट कोण बघत बसणार? चावी द्या."

दिली. ती गिरणीकडे गेली आहे. सबब शेवटचे वाक्य रद्द.

साक्षीदार:
१. माझ्या छातीचा फोटो काढणारे डॉक्टर (सही)
२. फिटर (सही. घाईत केली असल्याने नीट उमटली नाही. नळ कुठे आहे हे भावजयीला माहीत नाही, म्हणून तो तिच्या मागे धावला.)

लिहून देणार: मिस्त्री (सही)
स्थळ: राहत्या घराची पडवी
दिनांक: नऊ, सोमवार, पहिली पाळी चालू असताना